बिघाडाची बातमी आणि बातमीतला बिघाड

५ जुलै २०२२ रोजी कांडल्याहून मुंबईला येत असलेल्या स्पाइसजेटच्या एका विमानाच्या समोरच्या काचेला तडा गेला. विमान क्यू-४०० जातीचे, बाहेर पंखे असलेल्या दोन इंजिनांचे. त्या वेळी ते २३,००० फुटांवर होते. तडा गेला तो सहवैमानिकाच्या बाजूच्या काचेच्या बाहेरच्या थराला. केबिनमधला हवेचा दाब होता तसाच राहिला. मुंबईला विमानाला अग्रक्रमाने उतरू दिले गेले, प्रवासी उतरले आणि आपापल्या घरी गेले. घटना एवढीच.

बातमी मात्र एवढ्यावर थांबत नाही. महाड-पोलादपूर परिसरातले आम्ही काही शिक्षक वर्तमानपत्रांतल्या विज्ञानाशी संबंध असलेल्या बातम्या कापून ठेवतो आणि वर्गात वाचायला देतो. विमानांच्या बिघाडांची आमची फाइल आता बरीच जाड झाली आहे. तिच्यात ठरावीक शब्द पुन:पुन्हा भेटतात: ‘मोठा अनर्थ टळला’, ‘प्रवाशांचा जीव टांगणीला’, ‘थोडक्यात बचावले’, ‘वैमानिकाच्या प्रसंगावधानामुळे’. काचेचा तडा असो, इंजिनातले तेल कमी झाल्याची सूचना असो की स्वयंपाकघरातल्या ओव्हनमधून आलेला जळका वास असो, शब्द तेच. वर्गात हे कात्रण वाचल्यावर नववीतल्या एका मुलाने विचारले, ‘सर, काच फुटली असती तर आतली माणसे बाहेर ओढली गेली असती का?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर बातमीत असायला हवे होते आणि ते तिथे नव्हते. खरे तर ‘बाहेरचा थर’ हे दोन शब्द बातमीत होते. त्या दोन शब्दांतच सगळी गोष्ट होती. पण त्यांचा अर्थ सांगण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

तो अर्थ आपण पाहू. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या मुलांना दोन गोष्टी माहीत असतात. घाट चढताना कानात दडे बसतात, आणि खाली घेतलेले वेफर्सचे बंद पाकीट वर गेल्यावर टम्म फुगते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि तिथला हवेचा दाब कोकणपट्टीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी असतो. पाकिटातली हवा खालची, भोवतालची हवा वरची. म्हणून पाकीट फुगते. विमान हे असेच एक पाकीट आहे. २३,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ७,००० मीटरवर, बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या दोन पंचमांशाइतकाच उरतो. तेवढ्या हवेत माणूस फार वेळ शुद्धीवर राहत नाही, म्हणून आतला दाब कृत्रिमरीत्या वाढवावा लागतो. पण तो समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत. प्रवासी विमानात आतली हवा फार तर ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ देतात. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. ८,००० फूट म्हणजे २,४०० मीटरहून थोडे अधिक. विमानात चहा पिणारा प्रवासी दाबाच्या दृष्टीने कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर बसलेला असू शकतो, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात.

आता आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक काढू. अशा उंचीवर तो दर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपास येतो. अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद काच घेतली, तर तिच्यावर आतून बाहेर सुमारे नऊ क्विंटलांचा रेटा असतो. हा रेटा एकाच काचेवर सोपवण्याइतका कोणताही अभियंता बेफिकीर नसतो. समोरची काच अनेक थरांची करतात. बाहेरचा थर कठीण आणि पातळ असतो. त्याचे काम पाऊस, धूळ, गारा, वायपर यांचे ओरखडे सोसण्याचे. त्याला लागून काच तापती ठेवणारा विद्युतवाहक पापुद्रा असतो, कारण वरच्या थंडीत काचेवर बर्फ धरते. दाबाचा भार पेलतात ते आतले जाड थर, आणि तेही असे की एक गेला तरी उरलेल्याने भार पेलावा. बाहेरच्या थराला तडा जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तापवणाऱ्या पापुद्र्यातला दोष किंवा थरांमध्ये शिरलेला ओलावा. म्हणून तडा गेला तरी केबिनमधला दाब हलला नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे: या तड्याने कोणी ओढले गेले नसते.

काचेमुळे माणूस ओढला गेल्याचे उदाहरण नाहीच असे नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची अख्खी काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान उतरवले, कॅप्टन वाचला. चौकशीत निघाले ते असे: उड्डाणाआधीच्या एका रात्रपाळीत ती काच बदलली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हव्या त्यापेक्षा बारीक होते. फरक इंचाच्या शंभराव्या भागांत मोजण्याचा. म्हणजे काचेला तडा नव्हता, धोक्याचा दिवा लागला नव्हता आणि कोणत्याही वहीत बिघाडाची नोंद नव्हती. या गोष्टीकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

इंजिन बंद पडल्याची बातमी याहून मोठी होते. १९ मे २०२२ रोजी मुंबईहून बंगळूरला निघालेले एअर इंडियाचे एअरबस ए-३२० निओ विमान, एक इंजिन हवेत बंद करावे लागल्यामुळे, उड्डाणानंतर सत्तावीस मिनिटांनी मुंबईला परत उतरले. ‘आकाशात इंजिन बंद’ हे चार इंची अक्षरांत वाचले की आपल्या डोळ्यांपुढे घाटात बंद पडलेली गाडी येते. एसटीचे इंजिन बंद पडले की गाडी थांबते, आणि विमान थांबले की पडते, असा आपला मनातला हिशेब असतो. तो चुकीचा आहे. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला परवाना देतानाच अशी अट असते की धावपट्टीवर एका ठरावीक वेगानंतर एक इंजिन बंद पडले, तरी उरलेल्या एका इंजिनावर त्याने उड्डाण पुरे केले पाहिजे. वैमानिक याचा सराव यंत्रावर दर काही महिन्यांनी करतात. मग विमान परत का आणतात? एकच उरले म्हणून. दुसऱ्याला आता तिसऱ्याचा आधार नाही, म्हणून जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचे हा नियम. परत येणे हा त्या योजनेचाच भाग आहे.

इथे गणिताच्या शिक्षकांना एक चांगले उदाहरण मिळते. उतरण्याजोग्या विमानतळापासून तीन तासांच्या अंतरापर्यंत समुद्रावरून नेण्याची परवानगी हवी असेल, तर अशा दोन इंजिनी विमानांच्या ताफ्यात हवेत इंजिन बंद पडण्याचे प्रमाण दर हजार इंजिन-तासांमागे ०.०२ च्या वर जाता कामा नये, असा दंडक आहे. म्हणजे पन्नास हजार तासांत एकदा. ही वरची मर्यादा. चांगली इंजिने तिच्या बरीच खाली असतात. दोन तासांच्या प्रवासात एखादे विशिष्ट इंजिन बंद पडण्याची शक्यता यावरून पंचवीस हजारांत एक येते. दोन्ही इंजिने एकाच प्रवासात, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या कारणांनी, बंद पडण्याची शक्यता काढायला २५,००० ला २५,००० ने गुणायचे: साडेबासष्ट कोटींत एक. उलट बाजूनेही पाहा. दोनपैकी कोणतेही एक इंजिन बंद पडण्याची शक्यता साडेबारा हजारांत एक. आपल्या देशात रोज अडीच-तीन हजार अंतर्देशीय उड्डाणे होतात. म्हणजे वरच्या मर्यादेने मोजले तर दर चार-पाच दिवसांनी एखादे इंजिन बंद पडावे! प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण इंजिने मर्यादेपेक्षा बरी आहेत. पण वर्षाकाठी अशा काही बातम्या येणार, हे आकडेच सांगतात.

‘एकमेकांशी संबंध नसलेल्या’ हे शब्द मात्र मुलांकडून दोनदा वाचून घ्यावेत. गुणाकार त्या अटीवरच उभा आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कला पक्ष्यांच्या एकाच थव्याने एका विमानाच्या दोन्ही इंजिनांची ताकद घालवली आणि ते हडसन नदीत उतरवावे लागले. ५ मे १९८३ रोजी मायामीजवळ एका तीन इंजिनी विमानाची तिन्ही इंजिने पाठोपाठ गेली, कारण देखभालीत तिन्हींच्या तेलाच्या बुचांवर रबरी कडी बसवायची राहिली होती. एक इंजिन कसेबसे पुन्हा सुरू झाले आणि विमान उतरले. हात एकच, चूक एकच, मग तीन इंजिने असून उपयोग काय? बिघाडाच्या बातमीत विचारायचा खरा प्रश्न हा आहे: जे बिघडले त्याच कारणाने त्याचा जोडीदारही बिघडू शकतो का? आमच्या फाइलीतल्या कात्रणांत हा प्रश्न शोधूनही सापडत नाही. त्याऐवजी तेराव्या रांगेतल्या प्रवाशाला काय वाटले ते सापडते. त्या प्रवाशाची भीती खरी आहे, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण विमानाला काय झाले हे त्याला आपल्याहून जास्त ठाऊक नसते.

‘तांत्रिक बिघाड’ हे शब्द तर मोठ्या पोत्यासारखे आहेत, त्यात काहीही कोंबता येते. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये चढत असतानाच केबिनमधला दाब कमी झाला, छतातून प्राणवायूचे मुखवटे खाली आले आणि १६६ प्रवाशांपैकी सुमारे तीस जणांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान मुंबईला परतले. पहिल्या बातम्यांचा सूर यंत्र बिघडल्याचा होता. यंत्र धड होते. केबिनमध्ये दाबाची हवा येते ती इंजिनाच्या आतल्या दाबपंख्यांकडून, आणि ती हवा घेण्याचा खटका वैमानिकांनी चालूच केला नव्हता, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच दिवशी सांगितले. आमच्या मते वर लिहिलेल्या सगळ्या घटनांमध्ये सर्वांत काळजीची घटना ही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये दाबाचा खटका चुकीच्या जागी राहिला होता. वैमानिकांना धोक्याच्या भोंग्याचा अर्थ लागला नाही, विरळ हवेत ते बेशुद्ध झाले आणि विमानातली सर्व १२१ माणसे गेली. मुंबईचे विमान परत फिरले, एवढाच दोहोंतला फरक. तरी काचेच्या तड्याला आणि या खटक्याला वर्तमानपत्रात जागा आणि विशेषणे सारखीच मिळाली. भीतीचे माप एकच असले की असे होते.

आता छेदाकडे येऊ. अपूर्णांकात अंशाखाली छेद नसेल तर आपण मुलांचे गुण कापतो. बातमीचे मात्र कोणी कापत नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळले. विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरची १९ माणसे मेली. त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत बिघाडाच्या बातम्यांचा पूर आला. आज हे विमान परतले, उद्या ते रद्द झाले. विमाने एकाएकी जास्त बिघडू लागली होती का? त्या जुलैत संसदेत सरकारने लेखी उत्तर दिले, त्यातले आकडे असे: विमान कंपन्यांनी कळवलेले तांत्रिक बिघाड २०२२ मध्ये ५२८, २०२३ मध्ये ४४८, २०२४ मध्ये ४२१, आणि २०२५ मध्ये जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत १८३. त्रैराशिक मांडले तर वर्षाला साडेतीनशेच्याही आत. बिघाड वाढले नव्हते, बिघाड छापण्याची भूक वाढली होती.

पण याच आकड्यांचा दुसराही धडा आहे आणि तो देताना आम्हा शिक्षकांचीच थोडी अडचण झाली. त्या १८३ पैकी एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस यांचे मिळून ८५, इंडिगोचे ६२, आकासाचे २८ आणि स्पाइसजेटचे ८. अंश पाहिला तर एअर इंडिया सर्वांत वाईट. छेदात विमानांची संख्या घातली (इंडिगोकडे तेव्हा चारशेहून अधिक, एअर इंडिया समूहाकडे तीनशेच्या आसपास, आकासाकडे सुमारे तीस) तर क्रम बदलतो आणि नव्या कोऱ्या विमानांची आकासा सर्वांत वर येते. मग ती सर्वांत धोक्याची म्हणायची का? वर्गाने लगेच ‘हो’ म्हटले. आमच्यापैकी एकाने विचारले, ‘वर्गात रोज गृहपाठातली चूक स्वत:हून सांगणारा मुलगा सर्वांत कच्चा असतो का?’ बिघाडाचा आकडा हा बिघाडांचा आणि तो कळवण्याच्या सवयीचा गुणाकार आहे. दोहोंपैकी किती वाटा कोणाचा हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. आकडा कमी म्हणजे कंपनी चोख, हा निष्कर्षही तितकाच कच्चा. ३१ जुलै २०२२ च्या सुमारास महासंचालनालयाचे तेव्हाचे प्रमुख अरुण कुमार यांनी म्हटले होते की देशात रोज सरासरी तीसेक घटना नोंदल्या जातात आणि बहुतेकांचा सुरक्षेशी संबंध नसतो. उलट त्या नोंदल्या जातात हेच व्यवस्था जागी असल्याचे लक्षण. बोलणे बरोबर होते. पण हेच बोलणे एखाद्या कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याच्या तोंडी आले की ते पांघरूण होते, हेही लक्षात ठेवावे.

कारण किरकोळ बिघाड हा नेहमी किरकोळच असतो असे नाही. स्पाइसजेटचेच घ्या. एकट्या तड्यात काही नव्हते. पण १९ जूनपासूनच्या अठरा दिवसांत त्या कंपनीच्या विमानांत आठ घटना घडल्या होत्या. महासंचालनालयाने ६ जुलै २०२२ रोजी कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली, तिच्यात देखभाल आणि अंतर्गत देखरेख अपुरी असल्याचे म्हटले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली. तसेच १२ मार्च २०१८ रोजी अहमदाबादहून लखनौला निघालेले इंडिगोचे विमान इंजिन बिघडून परतले आणि त्याच दिवशी इंडिगोची आठ आणि गोएअरची तीन अशी एकाच मालिकेच्या इंजिनांची अकरा विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. इथे बिघाड सुटा नव्हता, माळेतला मणी होता. वर्तमानपत्राचे काम माळ दाखवण्याचे. प्रत्येक मणी स्वतंत्रपणे मोठा करून दाखवला की वाचक दहाव्या दिवशी कंटाळतो आणि अकराव्या दिवशीची खरी बातमी वाचायची सोडून देतो.

सर्वांत बोलके उदाहरण इंडोनेशियाचे. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला आले. वाटेत त्याचे नाक आपोआप खाली जाऊ लागले होते. वैमानिकांनी, कॉकपिटमध्ये बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या मदतीने, त्यामागची विद्युत यंत्रणा बंद करून विमान नीट आणले. उतरल्यावर देखभालीच्या वहीत नोंद केली, पण ती अपुरी. वेग आणि उंचीच्या दर्शकांत फरक पडतो एवढे लिहिले. कोणते खटके बंद करून विमान वाचवावे लागले ते लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांच्या हाती गेले आणि १८९ माणसांसह समुद्रात पडले. आदल्या रात्रीच्या प्रवासाची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात नव्हती. असायला हवी होती असेही नाही. पण वहीत पूर्ण नोंद असायला हवी होती.

आता महाडकडे वळतो. आमच्या भागाला विमानांच्या बातम्यांचे एवढे काय पडले आहे, असे कोणी विचारील. एक तर २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आहेत आणि तो विमानतळ आमच्याच रायगड जिल्ह्यात आहे. दुसरे म्हणजे हवेतून येणाऱ्या बिघाडाची बातमी महाडनेही पाहिली आहे. ३ मे २०२४ रोजी, लोकसभेच्या प्रचाराच्या धामधुमीत, सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले हेलिकॉप्टर महाडला तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरताना धुळीच्या लोटात कलंडले. आतले लोक वाचले. अंधारे खाली वाट पाहत होत्या, तरी त्या ‘थोडक्यात बचावल्या’ अशा आशयाच्या बातम्या झाल्या. मोकळ्या मैदानावर हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वारा खालची माती उधळतो आणि वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते, हा जाणत्यांना ठाऊक असलेला धोका. म्हणून तात्पुरत्या हेलिपॅडवर पाणी मारतात. प्रचाराच्या दिवसांत गावोगाव असे हेलिपॅड होतात. त्याबद्दल चार ओळी आल्या असत्या तर पुढच्या सभेच्या आयोजकांना उपयोग झाला असता.

आणि तिसरे, सावित्रीचा पूल. महाड आणि पोलादपूर यांच्यामधला, मुंबई-गोवा महामार्गावरचा तो ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. वाहने शोधायला क्रेनला तीनशे किलोचे लोहचुंबक बांधून पाण्यात सोडले होते, ते दृश्य इथल्या लोकांनी काठावर उभे राहून पाहिले आहे. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला, याच्या बातम्या भरपूर आल्या. पण आमच्या फाइलीत नाही अशी एक बातमी आहे: त्या पुलाच्या किरकोळ बिघाडाची. मे २०१६ मध्येच पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असे दुर्घटनेनंतर शासनाच्या वतीने सांगण्यात आले. एवढा मोठा दगडी पूल एका रात्रीत जातो तेव्हा पाण्याखाली, पायाशी, काहीतरी बरेच आधीपासून चाललेले असते. पुराचे पाणी पायाखालची वाळू-माती उकरते. वरून, रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. विमानाच्या काचेच्या बाहेरच्या थराला तडा गेला तर त्याच क्षणी ते कोणाला तरी दिसते, त्याची नोंद होते, विमान उतरते, काच बदलते. सावित्रीच्या पुलाला असा बाहेरचा थर नव्हता आणि त्याच्या पायाशी बसलेला सहवैमानिकही नव्हता. ब्रिटिश एअरवेजच्या बारीक बोल्टांसारखेच ते होते: शेवटपर्यंत सगळे ठीक.

याच रस्त्यांवरून आमची मुले शाळेत येतात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत गेली. आतला एकच जण वाचला. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५,२२४. म्हणजे राज्यात दिवसाला बेचाळीसच्या आसपास. सावित्रीच्या पुलावर त्या रात्री जितकी गेली, साधारण तितकी रोज. ब्रेक नीट लागत नाही म्हणून चालकाने घाटाच्या पायथ्याशी थांबवलेल्या गाडीची बातमी येत नाही. खरे म्हणजे ती विमानाच्या परतण्याइतकीच चांगली बातमी असते. तिच्याऐवजी ‘प्रवाशांचे हाल’ अशी बातमी येते, आणि पुढच्या वेळी गाडी न थांबवण्याचा मोह त्या चालकाला होत असेल तर त्याला एकट्याला दोष देता येणार नाही. वैमानिकालाही हा मोह असतोच. परत आलो तर उद्या आपण आणि आपली कंपनी वर्तमानपत्रात, हे त्याला माहीत असते. विमान वाहतुकीत बिघाड कळवणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये, ही रीत बसवायला जगाला काही दशके लागली. ती विस्कटायला रोजच्या ‘थोडक्यात बचावले’ची मदत होते, एवढे तरी संपादकांनी मनात आणावे अशी आमची तक्रार आहे.

कात्रणे वाचून झाल्यावर आम्ही मुलांना एक काम दिले. घर ते शाळा या वाटेवर जे मोडके आहे पण ज्याची बातमी कधी आलेली नाही, ते पाहून लिहून आणायचे. पुष्कळ मुलांनी खड्डे आणले. वळणावरचा पडलेला कठडा, विजेच्या खांबाचा झुकलेला ताण, शाळेच्या जिन्याची हलणारी पायरी असेही आले. आठवीतल्या एका मुलीने लिहिले की तिच्या वाडीच्या साकवाच्या मधल्या भागाचे काँक्रीट खालच्या बाजूने सुटले आहे आणि सळया दिसतात. वरून काही कळत नाही. ती उन्हाळ्यात ओढ्यात उतरून खेकडे धरते म्हणून तिला दिसले. केव्हापासून, असे विचारले तर म्हणाली, ‘मी तिसरीत होते तेव्हापासून.’ मग तिने विचारले की हे कोणत्या वहीत लिहायचे असते. आमच्यापैकी कोणालाच पटकन उत्तर देता आले नाही. शेवटी वर्गाने मिळून ग्रामपंचायतीच्या नावे अर्ज लिहिला. त्यात साकवाची लांबी, उघड्या पडलेल्या सळयांच्या जागेचे माप, पाहिल्याची तारीख आणि पावसाळ्यात त्यावरून शाळेत येणाऱ्या मुलांची संख्या घातली आहे. ‘मोठा अनर्थ’ हे शब्द एका मुलाने घातले होते. ते मुलांनीच खोडले.